जंगी पलटणीतले तात्या

मिलिटरीतल्या माणसाचा शोध घ्यायचा, तर त्याच्या नावाचा फारसा उपयोग होत नाही. 1939 साली दोन लाखांच्या आसपास असलेली हिंदुस्थानी फौज 1945 पर्यंत पंचवीस लाखांवर गेली होती. त्यात गणपत, तुकाराम, सखाराम ही नावं घेऊन सातारा-रत्नागिरीकडचे किती गडी शिरले असतील याचा हिशेबच नको. वर साहेबाच्या कारकुनानं ती नावं इंग्रजीत उतरवली ती त्याच्या कानाला लागली तशी. एकाच शिंदे घराण्यातल्या दोन सख्ख्या भावांची आडनावं दोन तऱ्हांनी लिहिलेली सापडतात. नंबर ठाऊक असेल तर उत्तमच, पण तो घरात कुणाला पाठ असतो? म्हणून माहीतगार माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो: पलटण कुठली?

आमच्या घरात त्याचं उत्तर कुणाकडंच नव्हतं. तात्या, म्हणजे माझे आजोबा, ‘लढाईवर होते’, इथवर सगळ्यांचं एकमत. पुढं ज्याची त्याची कथा निराळी. थोरल्या चुलत्यांच्या मते ते वाळवंटात रोमेलशी लढले. आत्या म्हणायची, “न्हाई रं, बर्फात व्हतं ते. पाय सुजून टम्म झालं व्हतं.” धाकटे चुलते सरळ हिटलरलाच मध्ये आणायचे. तात्या स्वतः यातलं काही खोडून काढत नसत आणि दुजोराही देत नसत.

अशा गप्प म्हाताऱ्यांबद्दल लिहिताना हल्ली लगेच युद्धाच्या जखमा, मनावरचे आघात वगैरे म्हणण्याची पद्धत आहे. तात्यांच्या बाबतीत मला कारण जास्त साधं वाटतं. ते ज्या वर्षांत राजाच्या फौजेत होते, नेमक्या त्याच वर्षांत त्यांच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं होतं. जून 1943 मध्ये शेणोलीला रेल्वे लुटली गेली तेव्हा तात्या इंग्रजांचा गणवेश घालून परमुलखात होते. 1946 ला ते घरी आले तेव्हा पारावर ज्यांच्या गोष्टी रंगत होत्या ती माणसं वेगळी होती, आणि ते रास्तच होतं. पुढच्याच वर्षी देश स्वतंत्र झाला. परक्या राजाच्या पगारावर मारलेल्या लढायांचं कौतुक कुणाला सांगणार? कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

हाती लागलं ते दोनच गोष्टींमुळं, त्यांचं डिस्चार्ज बुक आणि तीन बिल्ले. डिस्चार्ज बुक टिकलं तेही भावनेपोटी नव्हे. दुसऱ्या महायुद्धातल्या ज्या सैनिकांना पेन्शन नव्हती त्यांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार मानधन देतं, आणि ते मिळवायचं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात डिस्चार्जचा कागद दाखवावा लागतो. तात्या गेल्यावर आजीनं त्यासाठी ते पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर दोरा गुंडाळून जपलं. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत महायुद्धाचा एकमेव पुरावा अशा मानधनाच्या फाइलीमुळंच उरला आहे. ज्यांना आपल्या आजोबांचा शोध घ्यायचा आहे त्यांनी लंडन-दिल्लीच्या आधी जिल्ह्याच्या ठिकाणचं हे कार्यालय गाठावं.

पुस्तक हातभर लांबीचंही नाही. नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा. उंची पाच फूट चार इंच. ओळखीची खूण म्हणून उजव्या भुवईवरचा व्रण, जो मला तात्यांच्या चेहऱ्यावर चांगला आठवतो. भरती बेळगाव, 1940. रोमन उर्दूची परीक्षा पास. तेव्हा फौजेची भाषा उर्दू आणि लिपी इंग्रजी, त्यामुळं ज्यानं गावच्या शाळेत मोडकंतोडकं बाळबोध गिरवलं होतं त्याला छावणीत परक्या अक्षरांत परकी भाषा शिकावी लागे. वर्तणूक ‘व्हेरी गुड’. आणि युनिटच्या रकान्यात शाईनं लिहिलेलं 1/5. शाळामास्तर असलेल्या चुलत्यांनी ते आयुष्यभर ‘एक पंचमांश’ असं वाचलं आणि अपंगत्वाच्या टक्केवारीचा तो काही प्रकार असावा अशी स्वतःची समजूत घालून घेतली.

त्याचा अर्थ पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन. म्हणजे जंगी पलटण. 1768 साली मुंबईत उभी राहिलेली ही पलटण आजही लष्करात आहे. पहिल्या महायुद्धात तिचा नंबर 103 होता. मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात जे अडकले त्यांत ती होती, 110 आणि 117 नंबरच्या मराठा पलटणींसह. 7 डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत वेढा चालला, शेवटी उपासमारीनं सगळ्यांना शरण जावं लागलं आणि कैदेच्या पायपिटीत नि छावण्यांत माणसं पटापट मेली. 1922 च्या फेररचनेत जुने नंबर जाऊन मराठ्यांची ही पाचवी रेजिमेंट झाली. इंग्रजी कागदांत तेव्हा मराठा हा शब्द आजच्यापेक्षा वेगळ्या स्पेलिंगनं लिहीत. अर्काइव्हच्या संगणकात आजचं स्पेलिंग घातलं की तो ढिम्म हलत नाही.

आता बिल्ले. पितळी रंगाचे दोन सहा टोकांचे तारे आणि एक गोल मेडल. दुसऱ्या महायुद्धातल्या ताऱ्यांच्या फिती वाचता आल्या की निम्मं काम होतं. एका ताऱ्याची फीत गडद निळी, लाल, फिकट निळी. हा 1939-45 चा तारा, प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात ठरावीक काळ काढलेल्यांना मिळे. दुसऱ्याची फीत मळून चहाच्या रंगाची झाली होती. आत्यानं ती आतून उलटून दाखवली तेव्हा पट्टे दिसले: लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल. इटलीच्या झेंड्याचे रंग. हा इटली स्टार. आणि जो तारा तिथं नव्हता त्यानंही बरंच सांगितलं. आफ्रिका स्टार नाही, म्हणजे थोरल्या चुलत्यांचा रोमेल गेला. बर्मा स्टार नाही, म्हणजे इंफाळ-कोहिमा नाही. मग वाळवंट कुठून आलं? ते इराकचं. तिथल्या नोकरीला आफ्रिका स्टार मिळत नसे.

रेजिमेंट आणि बटालियन कळली की माणूस कुठल्या डिव्हिजनमध्ये होता ते पुस्तकांतूनच काढता येतं. मेजर जनरल एम. जी. अभ्यंकर यांचा मराठा लाइट इन्फन्ट्रीचा इतिहास आहे, आणि 1946 साली सरकारनं छापलेलं ‘द टायगर ट्रायम्फ्स’ हे इटलीतल्या हिंदी फौजेवरचं पुस्तक आहे. त्याचा सूर सरकारी प्रचाराचा आहे, पण गावं आणि पलटणी नीट दिलेल्या आहेत. 1/5 मराठा ही आठव्या इंडियन डिव्हिजनच्या 21 व्या ब्रिगेडमध्ये होती. सोबतीला एक इंग्रज पलटण, रॉयल वेस्ट केंट, आणि 3/15 पंजाब. इराकमध्ये ही डिव्हिजन बसून राहिली त्याचं कारण तेल. जर्मन कॉकेशसमार्गे खाली उतरले तर त्यांना तिथं अडवायचं होतं. स्टालिनग्राडला त्यांचा पाडाव झाल्यावर ती धास्ती संपली, आणि सप्टेंबर 1943 च्या अखेरीस डिव्हिजन इटलीच्या टाचेवर, तारांतोला उतरली.

इथून पुढं खरा शोध सुरू होतो, कारण प्रत्येक पलटणीची रोजची डायरी ठेवलेली असे. ‘वॉर डायरी’. युद्धभूमीवरचा एक अधिकारी ती लिही: जागा, तारीख, वेळ, काय घडलं. इटलीतल्या ब्रिटिश आणि हिंदी युनिट्सच्या डायऱ्या लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये आहेत. माझी मामेबहीण तिकडं नोकरीला आहे. तिनं वाचकाचं कार्ड काढलं, फाइल आधी सांगून ठेवली, आणि एका शनिवारी बसून फोननं पानन् पान टिपून पाठवलं. आत पेन नेऊ देत नाहीत, पेन्सिल चालते. फोटो काढायला मात्र मोकळीक आहे. “दादा, काही पानांवर चिखल आहे रे,” असं तिनं सोबत लिहिलं होतं. तो चहाचा डागही असू शकेल, पण मी तिला तसं म्हटलं नाही.

डायरी वाचायला बसलो नि दोन-तीन संध्याकाळींत एक गोष्ट ध्यानात आली. हे दफ्तर पलटणीसाठी लिहिलेलं आहे, माणसासाठी नाही. इंग्रज अधिकारी रजेवर गेला, आला, आजारी पडला, की नावानिशी नोंद. सुभेदार-जमादारांची नावं अधूनमधून. शिपाई, नाईक, हवालदार या सगळ्यांना मिळून एकच संज्ञा, आय.ओ.आर., इंडियन अदर रँक्स, आणि तिच्यापुढं आकडा. गस्त इतक्या वाजता निघाली, इतक्या वाजता परतली, जखमी इतके. तात्या त्या आकड्यांत आहेत. रोजच आहेत. शेकड्यांतला एक म्हणून सैन्याच्या हजेरीत आहेत, आणि नावानं एकदाही नाहीत.

पंजाबचं पाहिलं की हे जास्तच टोचतं. पहिल्या महायुद्धानंतर पंजाब सरकारनं गावोगाव फिरून फौजेत गेलेल्यांची रजिस्टरं केली. ती लाहोरच्या संग्रहालयात पडून होती, आता तीन लाखांवर नोंदी संगणकावर चढल्या आहेत. जालंधरकडचा नातू लंडनमध्ये बसून गावाचं नाव टाकतो आणि पणजोबा समोर येतात. आपल्याकडं साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारख्या गावात पहिल्या महायुद्धातल्या 46 जणांच्या बलिदानाचं स्मारक आहे, अनेक गावांच्या चावडीवर ‘या गावातून इतके गेले, इतके मेले’ अशी संगमरवरी पाटी आहे. तिथंही बहुतेक वेळा आकडाच.

म्हणून उलटं काम करावं लागतं. पलटणीचा दिवस घ्यायचा आणि त्यात आपला माणूस बसवायचा. आत्याचा ‘बर्फ’ असा बसला. ऑक्टोबर-नोव्हेंबर 1943 मध्ये डिव्हिजन एड्रियाटिकच्या बाजूनं वर सरकत होती, आणि त्या मुलखात नद्या डोंगरातून समुद्राकडं आडव्या वाहतात. एक ओलांडली की पुढं दुसरी: बिफेर्नो, त्रिन्यो, सांग्रो. प्रत्येक नदीच्या पैलतीरावर उंचावर जर्मन. सांग्रोला तर पावसानं पूल वाहून गेले, गाड्या रुतल्या, शिधा आणि दारूगोळा खेचरांवर लादून चढवावा लागला. नोव्हेंबरच्या शेवटी तिथली जर्मन फळी फुटली. मग हिवाळा, खंदकात गुडघाभर चिखल आणि वर बर्फ. दिवसेंदिवस ओल्या बुटात राहिलं की पाय सुजतो, काळानिळा पडतो. लष्करी डॉक्टर त्याला ट्रेंच फूट म्हणतात. तात्या म्हातारपणी मे महिन्यातही पायमोजे घालत. घरात त्याची चेष्टा व्हायची.

कॅसिनोच्या पायथ्याला, गारी नदीवर, 11 मे 1944 च्या रात्री मोठा हल्ला झाला. डिव्हिजनच्या दुसऱ्या दोन ब्रिगेड पुढं होत्या, 21 वी राखीव. तिथून रोमच्या पलीकडं पाठलाग, आणि जुलैच्या अखेरीस फ्लॉरेन्सच्या अलीकडं.

डायरीतल्या सगळ्या महिन्यांत मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवलं ते या आठवड्यानं. फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येला टेकडीवर मोन्तेगुफोनी नावाचा जुना वाडा आहे. सिटवेल नावाच्या इंग्रज घराण्यानं तो विकत घेतला होता. युद्ध जवळ आलं तसं इटालियन अधिकाऱ्यांनी फ्लॉरेन्समधल्या उफित्सी आणि इतर संग्रहालयांतली चित्रं शहराबाहेर अशा वाड्यांत हलवली. मोन्तेगुफोनीत आली ती साधीसुधी नव्हती. जोत्तोची मॅडोना, उच्चेल्लोचं सान रोमानोच्या लढाईचं चित्र, आणि बोत्तिचेल्लीची ‘प्रिमावेरा’, म्हणजे वसंत. शेकडो वर्षांपूर्वीची ही चित्रं भिंतींना टेकून उभी होती, आणि चेझारे फासोला नावाचा उफित्सीचा ग्रंथपाल दोन्ही फौजांच्या मधून पायी येऊन त्यांच्यापाशी बसून राहिला होता. जर्मन गेले आणि वाड्यात आले मराठे, पहिली मराठा. एरिक लिंकलेटर हा स्कॉटिश लेखक आणि बी.बी.सी.चा बातमीदार विन्फर्ड वॉन-थॉमस तिथं पोचले तेव्हा शिपायांचा मुक्काम पडला होता आणि चित्रं त्याच दालनांत होती. दोघांना आपण काय पाहतोय ते उमगलं, त्यांनी धावपळ केली, आणि चित्रांवर मराठ्यांचा पहारा बसला. पुढच्या दोनेक दिवसांत दोस्तांच्या फौजेतला कलावस्तूंचा अधिकारी फ्रेडरिक हार्ट येऊन दाखल झाला. तोफांचे आवाज तेव्हा जवळच ऐकू येत होते. जर्मनांनी फ्लॉरेन्सचे पूल उडवले ते 3-4 ऑगस्टच्या रात्री, एक पोन्ते वेक्यो तेवढा सोडला.

सातारा, रत्नागिरी, कुलाब्याचे शिपाई बोत्तिचेल्लीवर पहारा देत उभे आहेत, ही गोष्ट इंग्रजी पुस्तकांत गंमत म्हणून येते. मला ती गंमत वाटत नाही. ज्यानं आयुष्यात देवळाच्या भिंतीवरचा दशावतार सोडून रंगवलेलं काही पाहिलं नव्हतं, त्याला वसंताचं ते वन कसं दिसलं असेल? पाहून त्याला काही कळलं नसेल असं धरून चालणं हा शिकलेल्या माणसांचा उद्धटपणा आहे.

तिथून जर्मनांची गॉथिक लाइन ही संरक्षक फळी, मग डिसेंबरात सेर्क्यो खोऱ्यात जर्मनांचा अचानक आलेला हल्ला थोपवायला धाव, आणि शेवटी सेनियो नदी. 9 एप्रिल 1945. दोन्ही काठांना उंच बंधारे, त्यांत सुरुंग आणि मशीनगना. दुपारपासून विमानांचा आणि तोफांचा मारा झाल्यावर संध्याकाळी पलटण पाण्यात उतरली. शिपाई नामदेव जाधव हे कंपनीचे निरोप्ये. नगरकडच्या निमजचे. त्यांच्या कंपनी कमांडरसोबतची तुकडी पार होताना जवळपास सगळी पडली. जाधवांनी एका जखमीला उचलून नदी आणि सुरुंगांची पट्टी ओलांडून मागं सोडलं, परत जाऊन दुसऱ्या जखमीला आणलं, आणि तिसऱ्यांदा जाऊन एकट्यानं मशीनगनचे मोर्चे मोडले. हाताला गोळी लागून टॉमीगन चालवता येईना तेव्हा हातबॉम्ब फेकत राहिले. मग बंधाऱ्यावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागच्यांना हातानं बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते जगले, 1984 पर्यंत. याच रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनचे यशवंत घाडगे, माणगावजवळच्या पळसगावचे, 10 जुलै 1944 ला तिबेरच्या खोऱ्यात एकट्यानं मशीनगनवर धावून गेले आणि तिथंच पडले. त्यांचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे, आणि 2023 साली इटलीतल्या मोन्तोने गावानं त्यांच्या नावानं सूर्यघड्याळरूपी स्मारक उभारलं.

2 मे 1945 ला इटलीतलं युद्ध संपलं. तात्या 1946 ला सुटले. युद्धापुरती भरती झालेल्यांची नोकरी पाच-सहा वर्षांची, पेन्शनला लागत पंधरा. थोडी रक्कम, कपड्यांचा जोड, रेल्वेचा पास आणि डिस्चार्ज बुक. पेन्शन नसल्यामुळं पेन्शन दफ्तरात त्यांची फाइलच नाही. इथं एक विपरीत गोष्ट दिसते. जो मेला त्याचं नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत आहे, बापाच्या नावासकट, गावासकट. जो जिवंत परतून नांगराला लागला त्याचं नाव शोधायला मानधनाची फाइल उघडावी लागते.

हे सगळं जुळवून कागद घेऊन मी आत्याकडं गेलो. तिनं नकाशा पाहिला, नद्यांची नावं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतली. फोनवर ‘प्रिमावेरा’ दाखवलं. ती चष्मा सावरत म्हणाली, “ह्या बाया ह्या असल्या पातळ कपड्यात? आन् तात्या म्हनायचं, लई गारठा.” मग जरा थांबून, “आन् त्यो वाठारकडचा गडी? तात्यांच्या संगं भरती झालेला? त्यो न्हाई आला. तात्या दर संक्रांतीला त्याच्या आईला भेटून यायचं. त्याचं बघितलंस का?”

या माणसाबद्दल घरात कधी कुणी बोललं नव्हतं. आत्याला त्याचं आडनाव आठवत होतं, पाळण्यातलं नाव आठवत होतं, पलटण अर्थातच तात्यांची. तेवढं पुरलं. इटलीत ज्या हिंदी सैनिकांचं दहन झालं त्यांच्यासाठी तीन ठिकाणी स्मारकं आहेत: सांग्रो नदीकाठी, फोर्लीत आणि रिमिनीला. सांग्रोच्या स्मारकावर पाचशेहून अधिक नावं आहेत. कमिशनच्या यादीत जिल्हा सातारा आणि रेजिमेंट घातली, आडनाव तीन तऱ्हांनी लिहून पाहिलं, आणि तो सापडला. तारीख डिसेंबर 1943 ची. बापाचं नाव, गावाचं नाव, बायकोचं नाव.

त्याच्या पुतण्याचा मुलगा त्या गावात दूध संकलन केंद्र चालवतो. मी गेलो तेव्हा कॅन उतरवायचं काम चाललं होतं. त्याला एवढंच ठाऊक होतं, की एक चुलत आजोबा मिलिटरीत वारले, कुठं ते माहीत नाही. फोनवरचं पान त्यानं नीट वाचलं, आजीचं नाव बरोबर आहे का ते आतल्या खोलीत जाऊन आईला विचारून आला. बरोबर होतं. “ह्याची प्रिंट काढून मिळंल का?” त्यानं विचारलं. “दोन काढा. एक तलाठ्याकडं द्यावी म्हनतो. गावच्या पाटीवर तेवढं नाव घालून घेतो.”